पाच किलोचं वजन

गावी पोहोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. मे महिन्याचा दुसरा आठवडा. पुलगावच्या स्टँडवर उतरल्यापासून गरम वारा कानात शिरत होता, आणि घरी आईने कूलरच्या ताट्या ओल्या करून ओसरी कशीबशी बसण्यासारखी केली होती. जेवण झालं, कैरीचं पन्हं झालं. आडवं व्हायच्या आधी फोन चार्जिंगला लावावा म्हणून खिडकीजवळच्या बोर्डाशी गेलो, तर तिथं बाबांचा चार्जर आधीच लावलेला. त्याची वायर खिडकीच्या कट्ट्यावर गेली होती. कट्ट्यावर एक दुपट्टा चार घड्या घालून ठेवलेला, वायर त्या घडीत शिरलेली, आणि वर कापूस मोजायच्या तराजूचं पाच किलोचं लोखंडी वजन. मी वजन उचललं, दुपट्टा उलगडला. आत फोन होता. त्याची पाठ एका अंगाने उचलली गेली होती, तव्यावरची भाकर एकाच बाजूने फुगावी तशी. फटीतून आतलं काहीतरी काळं, चकचकीत, तट्ट ताणलेलं दिसत होतं. फोन हाताला चांगलाच चटका देत होता, आणि स्क्रीनवर चार्जिंगचं हिरवं चिन्ह शांतपणे वर चढत होतं.

मी ओरडलो. साध्या आवाजात सांगता आलं असतं, पण ओरडलो. "बाबा, डोकं ठिकाणावर आहे का? पेट घेतला असता त्यानं! घर जळालं असतं!" आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. शेजारचे काकाजी आमच्या पायरीवर सावलीला बसले होते, त्यांनी मान वळवून पाहिलं. बाबा खाटेवर उठून बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "फुगला होता, म्हनून दाबून ठेवला," ते म्हणाले. "पावसायात दाराची फळी फुगते, तिले नाही का आपन वजन ठेवून बसवत?" मी पुन्हा काहीतरी बोललो, लिथियम, शॉर्टसर्किट वगैरे, आणि चार्जर उपसून काढला. त्यांनी चपला पायात सरकवल्या, दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि त्या उन्हात गोठ्याकडे निघाले. दारातून जाता जाता म्हणाले, "आत काय हाय ते मले काय मालूम, बापा."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

कारण आमच्या घरात वस्तू आली की आठ दिवसांत ती उघडली जायची. बिघडलेली असो वा नसो. भिंतीवरचं घड्याळ, रेडिओ, मोटरपंपाचा स्टार्टर, आईचं शिलाई मशीन, सगळ्यांची पोटं मी लहानपणी पाहिली आहेत, आणि पेचकस धरून बसलेल्या बाबांच्या शेजारी स्क्रू सांभाळायची वाटी घेऊन बसणं हे माझं काम असायचं. वाटीतले स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ठेवायचे, एक जरी इकडचा तिकडे झाला तर डोक्यात टपली. बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, तर विचारूच नका. चाकाचा आरा मोडला तर आरा बदलायचा, तुंबा, म्हणजे मधला गड्डा, तोच ठेवायचा. धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, ढिली झाली की चाक खात्याकडे, आमच्याकडच्या सुतार-लोहाराकडे, न्यायचं. तो गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायचा, दोघं-तिघं सांडशीने धरून ती चाकावर बसवायचे, आणि वरून पाणी ओतलं की फुस्स करत वाफ उठायची आणि लाकूड करकरायचं. तो करकरण्याचा आवाज ऐकला की बाबा समाधानाने बिडी पेटवायचे. आमची बंडी आजोबांच्या हातची असं ते अजून सांगतात. तिच्यातलं एकही लाकूड आजोबांच्या काळातलं उरलेलं नाही हे त्यांना ठाऊक आहे, पण त्यानं त्यांच्या लेखी काही बिघडत नाही.

आणि मेकॅनिक कोणताही असो, निघताना त्याच्याकडून जुना पार्ट मागून घ्यायचा. बेअरिंग बदललं तर जुनं बेअरिंग, वायसर बदलला तर फाटका वायसर. एक तर खरंच बदललं याची खात्री, आणि दुसरं म्हणजे कशानं गेलं ते घरी नीट पाहता येतं. गोठ्याच्या कोनाड्यात अशा मेलेल्या पार्टांचा एक डबा आहे. एखाद्या डॉक्टरकडे बाटल्यांमध्ये अवयव ठेवलेले असतात तसा.

फोन घरात आला तोही याच रीतीने. कापसाच्या चुकाऱ्यावर घेतलेला नोकिया ११००. राखाडी, वर टॉर्च, रबरी बटणांचं एकसंध आवरण, धूळ आत जाऊ नये म्हणून. पहिल्याच संध्याकाळी बाबांनी अंगठ्याने पाठ सरकवली, नखाने बॅटरी उचलली, सिमकार्ड काढून पुन्हा बसवलं. तीन भाग. आईलाही दाखवले. त्या बॅटरीचं नाव बीएल-५सी. आमच्या गावात हे नाव सोयाबीनच्या ३३५ सारखं किंवा खताच्या १८:१८:१० सारखं लोकांच्या तोंडात बसलं. किराणा दुकानदारही सांगायचा, "फाइव्ह सी आली हाय, पायजे त सांगा." पुढे नोकिया गेला, पण ती बॅटरी राहिली. भजनं वाजवणाऱ्या डब्यात ती, जत्रेतल्या एफएम रेडिओत ती, भाच्याच्या खेळण्यात ती. एकाची गेली की दुसऱ्यातली काढून लावायची.

तेव्हा भारनियमन बारा-बारा तासांचं होतं. बाबांनी दोन बॅटऱ्या ठेवल्या होत्या. एक फोनमध्ये, दुसरी पुलगावला जाणाऱ्या कोणाच्या तरी खिशात. तिथं स्टँडजवळच्या दुकानात चिमट्याच्या चार्जरमध्ये ती दिवसभर लाल-हिरवी लुकलुकायची आणि संध्याकाळच्या एसटीने भरून परत यायची. फोन गावातच राहायचा, बॅटरी तेवढी पुलगावच्या बाजारातून हिंडून यायची. तिच्याबद्दल एक पूर्ण शास्त्र तयार झालं होतं, कुणी न शिकवता. फोन अधूनमधून बंद पडतो? बॅटरीच्या मागे काडेपेटीचा पुठ्ठा दुमडून घाल, पिना घट्ट टेकतील. पिना काळ्या पडल्या? खोडरबर घास. आणि बॅटरी म्हातारी झाली की काय, हे पाहायचं तर तिला सपाट फरशीवर ठेवून बोटाने फिरवायचं. चांगली असेल तर जागीच अडते. पोट सुटलं असेल तर भोवऱ्यासारखी गर्रकन फिरते. फिरली की फेकायची.

म्हणजे फुगलेली बॅटरी म्हणजे काय हे बाबांना माहीत होतं. माझ्याआधी वीस वर्षं माहीत होतं. मी त्यांच्यावर ओरडलो तेव्हा हे मला आठवलं नाही.

२००७ चा ऑगस्ट महिना. नोकियाने जाहीर केलं की मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंग करताना तापू शकतात. जगभरात मिळून ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या. टीव्हीवरच्या बातमीत 'तापू शकतात' असं होतं, आमच्या पारावर येईपर्यंत ते 'फुटतात' झालं आणि संध्याकाळपर्यंत कुठल्याशा गावात कुणाचा तरी कान उडाला होता. श्रावण होता, झड लागलेली. बाबांनी रात्री जेवण झाल्यावर फोन उघडला, बॅटरी काढली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि अंगणात निंबाखालच्या दगडावर ठेवून तिच्यावर घमेलं पालथं घातलं. रात्रभर घमेल्यावर पाऊस वाजत होता. आम्ही सगळे आत झोपलो, गाढ. चार दिवसांनी मामेभावाने वर्ध्याच्या सायबर कॅफेत बॅटरीवरचा लांबलचक नंबर टाकून पाहिला, आमची त्यातली नव्हती. पण त्या चार रात्री आम्हाला भीती काढून अंगणात ठेवता आली होती, घमेल्याखाली.

त्याच वर्षी, जूनमध्ये, अमेरिकेत पहिला आयफोन विकायला आला होता. त्याची बॅटरी मालकाला काढता येत नव्हती. आमच्या पारावर याची काही खबर नव्हती आणि असती तरी लोक हसले असते. पुढे काही वर्षं इतर कंपन्याही हसत होत्या, बॅटरी काढता येते हे जाहिरातीत सांगत होत्या. मग एकेक करून त्यांनीही पाठी चिकटवून टाकल्या. सॅमसंगच्या २०१४ च्या गॅलॅक्सी एस ५ ची पाठ नखाने निघायची, २०१५ च्या एस ६ ची निघेनाशी झाली. मी त्या सुमारास नोकरीला लागलो होतो आणि पहिल्या पगारातून काचेच्या पाठीचा, स्क्रू न दिसणारा फोन घेतला होता. तो उघडत नाही हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. उलट गुळगुळीत होता, खिशात सरकन जात होता, तो हातात धरायला मला आवडायचं. गावी आणला तेव्हा बाबांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला, कडेने नख फिरवलं आणि विचारलं, "इले खोलाचं कुठून?" मी म्हणालो, "खोलायची गरजच नाही बाबा." केवढ्या ऐटीत म्हणालो होतो.

आणि खोटं कशाला बोलू, बंद फोनाचा मला फायदाही झालाय. दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या पाटात माझा फोन पडला, पाच मिनिटं गाळात होता, काढून धुतला आणि त्याच फोनवरून बायकोला फोन केला. बाबांचा ११०० नाल्यात पडला होता तेव्हा तीन तुकडे करून उन्हात वाळवला, दोनदा वाचला, तिसऱ्यांदा गेला. पाणी आत जाऊ नये म्हणूनच चिकटवतो, असं कंपन्या म्हणतात ते अगदीच थाप नाही. पण मग तो गॅलॅक्सी एस ५ आठवतो. त्याची पाठ नखाने निघायची आणि तरीही तो मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरायचा, आतल्या कडेला एक रबराची चकती-पट्टी होती एवढंच. आमच्या कुकरला असते तशी. म्हणजे करता येत होतं.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर बाबा गोठ्यातून आले. मी फोन बंद करून अंगणात त्याच निंबाखालच्या दगडावर ठेवला होता, अख्खा फोन, कारण बॅटरी वेगळी करायची सोय नव्हती. माफी मागायची तर जीभ उचलत नव्हती, म्हणून मी समजावून सांगायला बसलो. आत एक पातळ पिशवी असते, आपल्या गोळ्यांच्या पाकिटासारख्या चकचकीत पन्नीची. तिच्यात दोन पत्र्यांची वळकटी. एक तांब्याचा, काळा लेप दिलेला, एक अ‍ॅल्युमिनियमचा, दुसरा लेप दिलेला, आणि दोघांनी एकमेकांना शिवू नये म्हणून मधे प्लास्टिकचा झिरझिरीत पदर. सगळं एका रसायनात भिजलेलं. वय झालं की, आणि त्यात उष्णता मिळाली की, ते रसायन हळूहळू सडतं आणि वायू धरतं. पूर्वीची फाइव्ह सी पत्र्याच्या डबीत होती, ती थोडी फुगून थांबायची. ही पिशवी फुगतच जाते. आणि तुमचा फोन दिवसभर शेतात सदऱ्याच्या खिशात, वर पंचेचाळीसचा पारा, रात्री टिनाखाली चार्जिंगला लावलेला सकाळपर्यंत.

बाबा लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे ढोराचं पोट फुगते तसं."

"हो, तसंच म्हणा."

"मंग टोचून हवा काढता येत नाही?"

मी गप्प झालो. गेल्या पावसाळ्यात आमच्या गाईने ओला हिरवा चारा भरमसाट खाल्ला होता, डाव्या कुशीला ढोलासारखी फुगली होती. ढोरांच्या डॉक्टरने येऊन कुशीत जाड पोकळ सुई घातली आणि सूंऽऽ करत वायू बाहेर गेला. गाय तासाभरात उभी राहिली. बाबांचा प्रश्न इतका बरोबर होता, आणि तसं केलं असतं तर इतकं भयंकर झालं असतं, की दुपारचं पाच किलोचं वजन त्यापुढे काहीच नाही. "नाही बाबा," मी म्हणालो, "टोचलं की ते दोन पत्रे एकमेकांना लागतात आणि भडका उडतो." त्यांनी मान हलवली. दगडावरच्या फोनकडे जरा वेळ पाहत राहिले. "सांगाले पायजे होतं ना कोनं," ते म्हणाले. कोणाला उद्देशून ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. फोन तीन वर्षं जुना, साडेअकरा हजारांचा. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की या मॉडेलची बॅटरी सध्या उपलब्ध नाही, पण एक्स्चेंज ऑफर आहे. मग आम्ही मोटरसायकलवरून पुलगावला निघालो. फोन मी पितळेच्या डब्यात घालून घेतला होता, आईने त्यात खाली थोडी रेती टाकून दिली. बाबा मागे बसून तो डबा दोन्ही हातांनी धरून होते, लग्नात कलश धरतात तसा.

दुकान म्हणजे दोन बाय तीन मीटरचा गाळा. दर्शनी भागात कव्हरं आणि इयरफोन, आत एक टेबल, त्यावर हॉट गन, गरम प्लेट, भिंग, चुंबकाची चटई आणि जिथं जागा मिळेल तिथं पाठ काढलेले फोन. पोरगा असेल बावीस-तेवीसचा. त्याने डबा उघडून पाहिला आणि शीळ घातली. "काकाजी, लय भरली हो हे. कालपासून चार्जिंग त नाही ना लावलं?" मी बाबांकडे पाहिलं नाही. "नाही," बाबा म्हणाले. "बॅटरी आठशे पन्नास पडीन. ओजी देतो, कॉपी नाही. पन फोल्डर खोलताना फुटला त माही गॅरंटी नाही." फोल्डर म्हणजे डिस्प्ले. काही फोन समोरून, डिस्प्ले उचकटून उघडावे लागतात, काही पाठीकडून. आमचा पाठीकडून होता, तेवढं नशीब. बाबांनी त्यांची नेहमीची अट घातली, "माह्यासमोर खोलाचं." पोरगा हसला, काउंटरची फळी उचलली आणि त्यांना आत स्टुलावर बसवलं. मी बाहेर, आणि बाबा आत त्याच्या खांद्याशेजारी. किती वर्षांनी ते एखाद्या उघडणाऱ्या वस्तूजवळ बसले होते कोण जाणे. फवारणीच्या पंपाची बॅटरी ते स्वतःच बदलतात, चार स्क्रू, बारा व्होल्टची कोणत्याही कंपनीची बसते, दहा मिनिटांचं काम. पण पंप दीड-दोन हजारांचा आणि फोन साडेअकरा हजारांचा. महाग वस्तूची पाठ उघडायचा हक्क स्वस्त वस्तूपेक्षा कमी, हे गणित मला अजून जमलेलं नाही.

गरम प्लेटवर पाठ तापेपर्यंत वेळ होता. मी उगाच बोलत होतो. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वर्षं फोन विकताना तो दुरुस्त करायला किती सोपा याचे दहापैकी गुण लिहावे लागत होते, असं सांगितलं. आपल्या सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, २०२४ मध्ये अशाच गुणांसाठी समिती नेमली, २०२५ च्या मे महिन्यात तिचा अहवाल आला. युरोपात २० जून २०२५ पासूनच्या नियमाने फोनचे सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षं पुरवावे लागतात, आणि १८ फेब्रुवारी २०२७ पासून बॅटऱ्या मालकाला स्वतः काढता यायला हव्यात. पोरगा कान देऊन होता. "म्हंजे आमचं दुकान बंद," तो म्हणाला. मी त्याला धीर दिला की त्यात पळवाट आहे. बॅटरी हजार वेळा चार्ज करून ऐंशी टक्के शाबूत राहिली आणि फोन पाण्यात बुडून टिकला, तर चिकटवलेली चालते, मग तुझ्यासारख्याकडेच यावं लागेल. बाबांचं लक्ष गुणांवर अडकलं होतं. "दहापैकी?" ते म्हणाले. "आपल्या बंडीले किती देतीन?"

मला तेव्हा चरखा आठवला. वर्धा जिल्ह्यातल्या शाळेत शिकलेल्या माणसाला तो आठवतोच, सहल दुसरीकडे कुठे जाणार? सेवाग्राम, आणि मग मगन संग्रहालय, १९३८ मध्ये गांधीजींनी उघडलेलं, तिथं चरख्यांच्या रांगेसमोर उभं राहून डबे कधी उघडायचे याची वाट पाहायची. त्या चरख्यांमागची एक गोष्ट मला खूप नंतर वाचायला मिळाली. १९२९ मध्ये गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने नवा चरखा बनवणाऱ्याला एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. झोपडीत बसून बाईला आठ तास फार न थकता चालवता यावा, दीडशे रुपयांच्या आत हिंदुस्थानात बनावा, वेळच्या वेळी निगा राखली तर वीस वर्षं न थांबता चालावा. आणि एक अट अशी की दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. यंत्र अजून जन्मालाही आलेलं नाही, आणि त्याच्या दुखण्या-खुपण्याचा हिशेब आधी मांडून ठेवलाय! मी हे बाबांना सांगितलं. पाच टक्के म्हटल्यावर त्यांचे ओठ हलू लागले, कापसाचा कट्टी-कपातीचा हिशेब करताना हलतात तसे. "दीडशाचे साडेसात," ते म्हणाले. "आन् ह्याचे साडेअकरा हजाराचे... पाचशे पंच्याहत्तर." मग पोराकडे वळून, "बाबू, पाचशे पंच्याहत्तरात बसव. गांधीजीनं सांगतलं हाय." पोरगा म्हणाला, "काकाजी, गांधीजीच्या नोटा सतरा लागतीन पन्नासच्या, एकबी कमी नाही."

पाठ सुटली. एटीएम कार्डाचा कापलेला तुकडा फटीत घालून तो इंचाइंचाने पुढे सरकत होता आणि गोंदाचे काळे तार ताणून तुटत होते. मग बारके स्क्रू. तो ते चुंबकाच्या चटईवर टाकत होता तेवढ्यात बाबांनी बोट पुढे केलं, "तो वरचा होता, इकडे ठेव." पोराने त्यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने स्क्रू उचलून वरच्या घरात ठेवला. बॅटरीखालचा गोंद सुटेना, म्हणून थेंब थेंब थिनर सोडत, प्लास्टिकच्या पातीने, श्वास रोखून. आम्ही तिघांनीही रोखला होता. टच्च फुगलेली ती पिशवी निघाली तेव्हा गाळ्यात एक गोडसर, नेलपॉलिशसारखा वास पसरला. "फाटली नाही, पन झिरपत असंन कुठून तरी," म्हणत त्याने ती चिमट्याने उचलून कोपऱ्यातल्या रेतीच्या डब्यात टाकली. तिथं तशा आणखी सात-आठ होत्या, रेतीत अर्ध्या बुडालेल्या, प्रत्येकीचं पोट वर.

"जुनी द्या माही," बाबा म्हणाले.

"नाही देत काकाजी. ते डेंजर हाय. महिन्याभराने भंगारवाला नेते नागपूरले."

"मले पाह्यची हाय कशानं गेली ते."

"उन्हानं गेली," पोरगा म्हणाला. "आमच्याकडे मे महिन्यात सगळ्या उन्हानंच जाते." पण मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने डबा उचलून बाबांसमोर धरला. बाबांनी वाकून पाहिलं. हात लावला नाही. बराच वेळ, वासराला पाहावं तसं पाहिलं. मागच्या बाजूला लिहिलेले आकडे चष्मा वर करून वाचायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "लायनीच हाय. येवढीशी." आणि सरळ झाले. गोठ्याच्या कोनाड्यातल्या डब्यात ती गेली नाही, पण ती कशी दिसते ते आता त्यांना माहीत होतं.

नवी बॅटरी बसली, कनेक्टर टक् करून लागला, फोन सुरू झाला. कंपनीच्या नावाचा झगमगाट स्क्रीनवर आला तेव्हा बाबा चक्क हसले. पोराने कडेने नळीतला पारदर्शक गोंद फिरवला, पाठ बसवली, आणि फोनला आडवे-उभे चार रबर लावले. दुधाच्या पिशवीचे असतात ते साधे रबर. फोन एखाद्या हाडवैद्याकडून आल्यासारखा दिसत होता. "उद्या सकाळपर्यंत रबर काढू नका," तो म्हणाला. "आन् काकाजी, रात्री झोपताना वरून काही वजन ठेवसान. पाठ चांगली बसते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. मी पैसे मोजत होतो, ते मी पुन्हा एकदा मोजले.

रात्री जेवणं झाल्यावर ओसरीत कूलर घरघरत होता. मी खाटेवर पडून डोळे मिटले होते. बाबा उठले, कोठीच्या खोलीत गेले, तिथं लोखंडावर लोखंड वाजल्याचा आवाज झाला, मग थांबला, मग पुन्हा वाजला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात वजनांचा अख्खा संच होता, पाच किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत. खिडकीच्या कट्ट्यावर दुपट्टा अंथरून त्यांनी त्यावर फोन ठेवला, आणि संच शेजारी मांडून माझ्या खाटेशी येऊन उभे राहिले.

"जागा हायेस का?"

"हो."

"कितीचं ठेवू?"

मी उठलो. आम्ही दोघांनी मिळून अर्ध्या किलोचं ठेवलं.